गोमुखीतला हात

विम्याच्या ऑफिसचा इन्स्पेक्टर वाडीत येऊन चौकशी करून गेला, हे सगळ्या वाडीला आधी कळलं आणि धैर्यवानांच्या घरात सगळ्यात शेवटी. तेही श्यामकांतनं खटपट करून त्याच्या रिपोर्टाची नक्कल आणली म्हणून.

"वाचू?" रविवारी सकाळी चहाचे कप उचलायच्या आत त्यानं विचारलं.

"नको," शरदचंद्र म्हणाला.

"वाचा भावोजी," लीला म्हणाली.

अप्पांनी आरामखुर्चीत पेपर वर केला. घरात थोरल्या मुलाच्या हाताचा विषय निघाला की अप्पांचा पेपर वर जायचा. दोन वर्षांत त्यांनी इतके अग्रलेख वाचले होते की मुंबईचं काय करायचं ते दिल्लीपेक्षा त्यांना जास्त कळत होतं.

श्यामकांत सॉलिसिटरच्या फर्ममध्ये मॅनेजिंग क्लार्क. वाण्याचं बिलसुद्धा तो कोर्टात उभा राहिल्यासारखं वाचायचा. "'अर्जदाराच्या शेजाऱ्यांकडे चौकशी केली. त्याच्या उजव्या हातास इजा असल्याचे एकानेही सांगितले नाही. उलट, अर्जदार उजव्या हाताने दिवसभर अखंड जपमाळ ओढतो, असे सर्वांनी आदराने सांगितले. मी स्वतः खिडकीतून पाहिले. बोटांची हालचाल उत्तम असल्याखेरीज हे शक्य नाही.'"

शरदचंद्रनं मांडीकडे पाहिलं. मांडीवर जपमाळ झाकायची पिशवी, भगव्या लोकरीची गोमुखी होती आणि गोमुखीत त्याचा उजवा हात होता.

शकू फिसकन हसली. कॉलेजात जाणारी मुलगी, हसू आवरायचं वय नव्हतं. मग आईचा चेहरा बघून उगाच कप गोळा करायला लागली.

"गोमुखीची कल्पना कोणाची होती?" श्यामकांतनं विचारलं.

"तुम्हाला माहीत आहे कोणाची," लीला म्हणाली, आणि आत निघून गेली.

कल्पना तिचीच होती. परळच्या गिरणीत फोल्डिंग खात्यात शरदचंद्र कारकून होता. एके दिवशी तो मशिनवर वाकला आणि त्याच्या खिशातलं फाउंटन पेन सटकून रुळांकडे गेलं. अप्पांनी नोकरी लागली तेव्हा दिलेलं पेन. त्यानं हात घातला. पेन वाचलं. ते अजून झकास चालतं, अप्पा त्यानंच सही करतात. हाताची मात्र चार बोटं एकमेकांना चिकटून वळून बसली आणि अंगठा नावापुरता उरला.

हॉस्पिटलातून तो आला आणि महिन्याभरात चुलतभावाच्या मुलाची मुंज निघाली. पंगत होती. शेजारी डाव्या हातानं जेवणारा माणूस बसला तर परभू जातीतला माणूस पानावरून उठायचा नाही, तेवढी सभ्यता होती. पण घरी जाऊन वर्षभर दुसरं काही सांगायचा नाही. पंगतीच्या दारात लीलाच्या तोंडून निघून गेलं, "ह्यांचा आज उपास आहे."

झालं. त्या दिवसापासून शरदचंद्रचा प्रत्येक कार्याला उपास. लग्न असो, बारसं असो, तो एका बाजूला खुर्चीवर बसून कोलंबीच्या खिचडीचा वास घ्यायचा आणि हसायचा. लोक विचारायला लागले, उपास कसला? मग हाताकडे बघायला लागले. म्हणून तिनं गोमुखी शिवली. जप करणाऱ्याचा हात कोणी बघत नाही, आणि बाहेर काढून दाखव म्हणण्याची तर कोणाची छाती होत नाही. अडचण एवढीच झाली की ही युक्ती फारच चांगली निघाली. सहा महिन्यांत समोरच्या बिऱ्हाडातली राधा मुलाचा ताप उतरावा म्हणून अंगारा मागायला आली. शरदचंद्रनं भिडेपोटी चुलीतली राख दिली. ताप उतरला. तो उतरणारच होता, डॉक्टरचं औषध चालू होतं. पण डॉक्टरच्या पाया कोण पडतं?

कडेलोट केला तो कुलाब्याच्या काशीबाईनं. ही कोळीण त्यांच्या घरात लीलाच्या सासूच्या काळापासून मासळी घालत होती. एक दिवस टोपली बाहेरच ठेवून उंबऱ्याला हात लावून म्हणाली, "देवमानसाच्या घरान म्हावरं घालून मना पाप नको गो बाय." आणि गेली. तेव्हापासून धैर्यवानांकडे बोंबील यायचे ते शकूच्या कॉलेजच्या पिशवीतून, वह्यांखाली, आणि शिजायचे खिडक्या लावून. वहीला वास येतो म्हणून एका प्रोफेसरनं शकूला पुढच्या बाकावरून उठवलं होतं.

आजही रविवार, म्हणून खिडक्या लागलेल्या होत्या. लीला बोंबलांचं भुजणं चुलीवर ठेवत होती आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. कांद्याचं म्हणून चालण्यासारखं होतं.

*

मंगळवारी अपिलाची सुनावणी. गिरणीनं अर्धपगारी रजेवर ठेवलेल्या शरदचंद्रला गेल्याच महिन्यात कायमचं घरी बसवलं होतं. कायमच्या अपंगत्वाचं पेन्शन लागलं तर घर चालणार, नाही तर श्यामकांतच्या एकट्याच्या पगारावर पाच माणसं. मेडिकल बोर्डानं पहिल्यांदा 'किरकोळ अडचण' लिहिलं त्यात बोर्डाचा काही दोष नव्हता. लीलानं नवऱ्याला इस्त्रीचा कोट घालून, गुंड्या लावून, हातरुमालात हात गुंडाळून पाठवलं होतं. आणि डॉक्टरनं इंग्रजीत विचारलं, रोजच्या जगण्यात काही अडचण येते का, तर शरदचंद्र म्हणाला होता, "नाही नाही, आपल्या कृपेनं सगळं ठीक आहे."

"म्हणून आज तालीम," श्यामकांतनं जाहीर केलं. "अप्पा, खुर्ची द्या. मी अध्यक्ष."

"मी कुठे बसू?"

"तुम्ही पब्लिक."

अप्पा पलंगावर जाऊन पब्लिक झाले, पेपरासकट. शकूला विम्याच्या ऑफिसचा वकील केलं. तिनं आजोबांचा काळा कोट चढवला, बाह्या हातभर खाली लोंबत होत्या.

"अर्जदार, तुम्हाला उजव्या हातानं काय करता येत नाही?"

शरदचंद्र उभा राहिला. अध्यक्षांना बघून नमस्कार करायला म्हणून त्यानं गोमुखीवर डावा हात असा काही सफाईनं ठेवला की दोन्ही हात अगदी छान जोडल्यासारखे दिसले.

"दादा! नमस्कार करू नकोस!"

"मोठ्या माणसाला नमस्कार नाही करायचा?"

"करता येत नाही हेच दाखवायचंय ना? पुन्हा. हा पेला उजव्या हातानं उचला."

शरदचंद्रनं प्रयत्न केला. पेला घसरायला लागला तसा डाव्या हातानं मधल्या मध्ये इतका अलगद झेलला की एक थेंब सांडला नाही.

"पाहिलंत युअर ऑनर?" शकू बाही झटकत म्हणाली. "सर्कशीतसुद्धा एवढं जमत नाही."

"पडू दे ना तो पेला!"

"फुटेल."

"पितळेचा आहे रे, पितळेचा!"

"मग पोचा पडेल," शरदचंद्र म्हणाला.

श्यामकांतनं कपाळाला हात लावला. "बरं. साधा प्रश्न. तुम्हाला जेवताना अडचण होते का? फक्त 'हो' म्हण. एक अक्षर."

शरदचंद्रनं तोंड उघडलं. समोर धाकटा भाऊ होता, मुलगी होती, पेपरामागे बाप होता आणि स्वयंपाकघराच्या दारात बायको. दोन वर्षं तिनंच दार लावून त्याच्या पानातले काटे काढले होते. आत कसं जेवतात हे त्या दोघांशिवाय कोणी पाहिलं नव्हतं. हो म्हणणं म्हणजे ते दार उघडणं. "तशी काही... म्हणजे चालतं," तो म्हणाला.

"अपील फेटाळलं," अध्यक्ष म्हणाले आणि खुर्चीत मागे पडले. खुर्चीचा दांडा खटकन निसटला. अध्यक्ष कापडात घडी होऊन जमिनीला टेकले, पाय वर.

त्यांना बाहेर काढायला शरदचंद्रनं आधी डावा हात पुढे केला, मग घाईत उजवाही. गोमुखी खाली पडली. श्यामकांतचं बोट त्या बोटांना लागलं आणि त्यानं झटकन हात मागे घेतला. मग स्वतःच्या स्वतः उठला. शरदचंद्रनं गोमुखी उचलून हात आत घातला.

श्यामकांतला वाटलं, आपण तसेच पडून राहिलो असतो तर बरं झालं असतं. फर्ममध्ये त्यानंच सांगितलं होतं की मोठे बंधू अध्यात्माकडे वळलेत. सॉलिसिटरसाहेबांनी एक उदबत्तीचा पुडा पाठवला होता, तो त्यानं घरी दिलाही नव्हता.

"हे बघा," तो कपडे झटकत उगाच मोठ्यानं म्हणाला, "बोलून होणार नाही. साक्षीदार पाहिजेत, आणि रक्ताचे चालत नाहीत. हात पाहिलाय, डाव्या हातानं जेवताना पाहिलंय, असं सांगणारे बाहेरचे. आज संध्याकाळी संयुक्त महाराष्ट्र समितीची सभा आहे, सगळी वाडी चौकात असणार. दादानं तिथे बसून जेवावं."

"त्यापेक्षा ह्यांना पंचा नेसवून चौकात नळाखाली उभं करा ना," लीला म्हणाली.

"वहिनी, पेन्शन पाहिजे की नाही?"

"काका बरोबर बोलतोय," शकू म्हणाली.

"तू गप्प. तुझं लग्न व्हायचंय."

पेपर खाली आला. "ह्या घरातला माणूस," अप्पा म्हणाले, "चौकात डाव्या हातानं जेवणार नाही." पेपर वर गेला.

सकाळी लीला आणि श्यामकांत एका बाजूला होते. आता लीला सासऱ्यांच्या बाजूला, शकू काकाच्या बाजूला. आणि शरदचंद्र, ज्याचा हात, तो कोणाच्याच बाजूला नव्हता. तो खुर्चीचा दांडा बसवत होता, डाव्या हातानं, आणि तो बसलाही.

*

तेवढ्यात राजाराम आला. हा वाडीतल्या समितीचा सेक्रेटरी. एरवी त्याचं छत्र्या दुरुस्तीचं दुकान होतं, पण आंदोलन सुरू झाल्यापासून वाडीतली एक छत्री धड उघडत नव्हती.

"खिडक्या लावून बसलात?"

"जपाची वेळ," लीला म्हणाली आणि स्वयंपाकघराचं दार पाठीनं लावलं. मागून लसणीचा वास यायचा तो आलाच.

"उदबत्ती वेगळी दिसते," राजाराम नाक वर करून म्हणाला. मग शरदचंद्रसमोर मांडी घालून बसला. "दादासाहेब, एक मागणं आहे. मुंबईसाठी आपल्या चौकात साखळी उपोषण बसतंय. आजपासून. प्रत्येकानं एक दिवस. पण पहिला माणूस वजनदार पाहिजे, तो तीन दिवस बसेल, म्हणजे पेपरात येईल. आता उपासात तुमच्याइतका हात वाडीत कोणाचा बसलाय?"

श्यामकांत खाकरला. लीलानं मान जोरजोरात हलवली. शकू बाही हलवत होती. हे सगळं शरदचंद्रला दिसत होतं. पण समोर माणूस हात जोडून बसला होता.

"हो हो," तो म्हणाला, "आपल्या कृपेनं."

राजाराम पाया पडून गेला.

"तीन दिवस म्हणजे मंगळवारसुद्धा!" श्यामकांत ओरडला. "सुनावणीला कोण जाणार? तुझी गोमुखी?"

"त्याला वाईट वाटलं असतं रे."

लीला नवऱ्याकडे बघत राहिली. पंचवीस वर्षांत तिला त्याच्यावर पहिल्यांदाच इतका राग आला होता. मग लक्षात आलं, हा माणूस आधी असा नव्हता. गिरणीत मुकादमाशी भांडायचा. त्याला 'हो हो, ठीक आहे' शिकवलं ते आपणच, त्या मुंजीच्या दारात.

*

संध्याकाळी चौकात मांडव, मांडवात गादी, गादीवर शरदचंद्र. मागे कापडी फलक, 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे'. राजाराम लाउडस्पीकरवर बोलत होता आणि लाउडस्पीकर मधूनमधून शिटी मारत होता.

"ज्या उजव्या हातानं हे अहोरात्र नामस्मरण करतात, तोच हात आज मुंबईसाठी उठला आहे!"

हात उठला नव्हता. तो गोमुखीत घामेजला होता. बायका ओळीनं येऊन हळदकुंकू लावत होत्या. राधानं मुलाला पायावर घातलं. मागोमाग काशीबाई आली, टोपली बाजूला ठेवून, नारळ घेऊन.

"देवा, मी ह्या घरान इतकी वरसं म्हावरं घातलं. मना माफी करा."

शरदचंद्रनं टोपलीकडे पाहिलं. पानाखालून पापलेटाची शेपटी दिसत होती. माफी त्यानं मागायची की तिनं, हे त्याला ठरवता येईना. मान वर होईना. समोर विम्याचा इन्स्पेक्टर असता तरी एवढी लाज वाटली नसती.

खिडकीतून लीला हे सगळं ऐकत होती. "तोच हात" हे तिनं ऐकलं, तिथेच तिनं ठरवलं. ती आत गेली, ताट वाढलं, वर फडका टाकला आणि जिना उतरायला लागली.

"सूनबाई, कुठे?" अप्पांनी विचारलं.

"वाढायला," ती म्हणाली.

ताट तिनं गादीसमोर ठेवलं आणि फडका काढला. भात, आणि बोंबलांचं भुजणं, वर कोथिंबीर. चौकात लसणीचा असा घमघमाट सुटला की मागच्या ओळीतली माणसं उभी राहिली.

"वहिनी, हे काय!" राजारामला माइक बंद करायचं सुचलं नाही, त्यामुळे हे सगळ्या वाडीनं ऐकलं. "उपोषणाच्या मांडवात बोंबील?" मग तो सावरला. "बंधूंनो, हे... हे उपोषणापूर्वीचं शेवटचं जेवण आहे!"

टाळ्या पडल्या.

"जेवा," लीला हळू म्हणाली. "मी शिवली, मीच सांगते. काढा ती."

शरदचंद्रनं बायकोकडे पाहिलं. त्यानं गोमुखीतून हात काढला आणि ताटाच्या कडेला, उजेडात ठेवला. मग डावा हात ताटात घातला आणि घास कालवला.

टाळ्या थांबल्या.

डाव्या हातानं त्यानं पेला झेलला होता, खुर्ची बसवली होती, सहीसुद्धा वळणदार करायचा. पण घास तसा होईना. इतक्या डोळ्यांसमोर भाताची शितं बोटांतून सदऱ्यावर पडली. बोंबील तुटून ताटाबाहेर गेला, तो उचलायला उजवा हात आपोआप पुढे झाला आणि नुसता त्याच्यावरून फिरला. सगळं तोंड लाल झालं. पण तो जेवत राहिला.

श्यामकांत पुढे आला. "सगळ्यांनी पाहिलंत ना? हा गिरणीत गेलेला हात आहे. जप नव्हता, उपासही नव्हता. आम्ही लपवलं. मंगळवारी कोर्टात हे सांगायला चार माणसं पाहिजेत. कोण येतंय?"

त्यानं वळून पाहिलं आणि त्याच्या लक्षात आलं. सगळी वाडी माना खाली घालून बसली होती. कोणी चपलेकडे बघत होतं, कोणी फलकाकडे. राधानं मुलाचे डोळे पदरानं झाकले होते. राजाराम माइकची वायर तपासत होता.

"राजारामभाऊ?"

"मी बघितलं नाही हो," राजाराम पुटपुटला आणि तेही स्पीकरवर सगळीकडे गेलं. "बरं दिसत नाही ना असं बघणं."

खरंच कोणी बघितलं नव्हतं. सभ्य माणसांची वाडी होती.

फक्त काशीबाई कमरेवर हात ठेवून टक लावून बघत होती. "म्हंजे," ती म्हणाली, "वरसभर मी ह्या दारावरनं तोंड फिरवून जातंय, आनि आत तुमी बोंबील खाता? कोनाकडचं?"

"चिराबाजारातलं," शकू घाबरून म्हणाली.

"म्हनून असं तुटतंय. शिळं हाय." तिनं खाली बसून त्याचा उजवा हात सरळ उचलला, मासा ताजा आहे का बघतात तसा उलटासुलटा केला. "आमच्या पोराचा, धर्माचा, हात असाच गेला, होडीवर, दोरान. तो डाव्यानंच जेवतंय. कोन हसला तर त्याच हातानं थोबाडीत देतंय. मी येन मंगळवारी. पन टोपली घेऊन येन, तिथनं बाजारान जायचंय."

"एक झाली," श्यामकांत म्हणाला. एकीनं भागणार नव्हतं, हे त्याला माहीत होतं.

तेवढ्यात जिन्यावर काठी वाजली. अप्पा येत होते, टोपी घालून. वाडीनं आपोआप वाट करून दिली. लीला ताटासमोरून उठली. आता हे ताट उचलायला सांगणार, असं तिला वाटलं, आणि ती नाही म्हणायची तयारी करत होती.

अप्पा गादीपाशी थांबले. हॉस्पिटलातून आल्यापासून त्यांनी तो हात पाहिला नव्हता. पाहिला असता तर पेनाची आठवण झाली असती, आणि पेन त्यांच्या खिशात होतं. आत्ताही होतं. त्यांनी पाहिला. बराच वेळ पाहिला. शरदचंद्रला ते सहन होईना. त्यानं हात मागे घेतला, गोमुखी चाचपायला लागला.

अप्पांनी वाकून ती आधी उचलली.

"माना वर करा!" ते ओरडले. त्यांना माइक लागला नाही. "इतके दिवस त्याच्या पाया पडलात ना? मग आता तोंडाकडे बघा. हाताकडे बघा. मी बघितलं नाही. तुम्ही नीट बघून घ्या. मंगळवारी सांगायचंय."

आधी राधानं मान वर केली. मग तिच्या मागची. राजारामनं वायर सोडली. एकेक करत डोळे वर आले, आणि शरदचंद्र त्या सगळ्या डोळ्यांसमोर सदऱ्यावरची शितं वेचून खाऊ लागला. कोणी हसलं नाही. "येतो मी मंगळवारी," राजाराम म्हणाला, या वेळी माइकपासून लांब. राधा म्हणाली, "मीपण."

अप्पा मुलाच्या शेजारी गादीवर बसले. हाताला काहीतरी काम हवं म्हणून त्यांनी गोमुखीत हात घातला, माळ शोधायला. आत माळ नव्हती. कधीच नव्हती. नुसती लोकर होती आणि ती आतून घामानं भिजलेली, अजून गरम होती.

त्यांनी हात बाहेर काढला नाही.

"सूनबाई," ते म्हणाले, "त्याला अजून एक तुकडा वाढ. इथून. सगळ्यांना दिसेल असा."